चित्राशिवाय संशोधन शिवारात पोचत नाही : मराठवाड्यातील संशोधन संस्थांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठे, संशोधन केंद्रे आणि कृषी विस्तार यंत्रणा यांचे प्रमुख

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या खरिपासाठी शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या ज्या घडीपत्रिका निघतात, त्यांच्या खर्चातून चित्रांची रक्कम वगळण्यात आली आहे. आपल्यापैकीच एका संस्थेच्या प्रकाशन समितीचा हा निर्णय आहे. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. आठही जिल्ह्यांत कमीअधिक फरकाने हेच चालू आहे. मला तोंडी दोन कारणे सांगण्यात आली. चित्रे ही सजावट आहे, खरे काम मजकूर करतो, हे एक. आणि चित्र लागलेच तर ते इंटरनेटवरून उचलता येते किंवा संगणकाकडून मिनिटभरात करून घेता येते, हे दुसरे. हा निर्णय मला मान्य नाही. तसा लेखी अर्ज मी दिला होता, त्याला उत्तर आले नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी शास्त्रीय चित्रे काढते. भिंगाखाली कीड ठेवून तिचा पाय न् पाय काढणे, जमिनीचा उभा छेद दाखवणे, प्रयोगातले आकडे साध्या वाचकाला एका नजरेत कळतील असे मांडणे, हे माझे काम. त्यामुळे चित्रांचे पैसे थांबले तर माझेही नुकसान आहे, हे उघड आहे आणि ते मी आधीच सांगून टाकते. पण घर सेलू तालुक्यातले, कोरडवाहू शेतीचे. ही घडीपत्रिका ज्यांच्या हातात पडते त्यांत माझे भाऊ आहेत, वहिनी आहेत, गावातल्या वेचणीला जाणाऱ्या बाया आहेत. तुमचे संशोधन त्यांच्यापर्यंत पोचते की नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहते.

कापसाचे घ्या. बोंडअळ्यांना मारणारे जनुक घातलेल्या बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत गुलाबी बोंडअळी दोन्हींना पुरून उरली. २०१७ च्या हंगामात तिने मराठवाड्यात आणि विदर्भात कापसाची काय दशा केली ते आपल्याला माहीत आहे. ही अळी अगदी बारीक असतानाच बोंडात शिरते. शिरल्यावर तिचे छिद्र भरून येते आणि बाहेरून बोंड हिरवेगार, धडधाकट दिसत राहते. झाडाकडे बघून काही कळत नाही. बोंड चिरावे लागते. वेचणीत कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, हाताला लागते, तोवर वेळ गेलेली असते.

या अळीबद्दलचा सल्ला पत्रिकेत साधारण अशा शब्दांत छापला जातो : कामगंध सापळ्यात प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग सलग ३ रात्री आढळल्यास, अथवा १० टक्के फुले किंवा बोंडे प्रादुर्भावग्रस्त आढळल्यास, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजून उपाययोजना करावी. कामगंध सापळा म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा. वाक्यात चूक काही नाही. त्यामागे कितीतरी संशोधकांचे हंगाम खर्ची पडले आहेत. पण दिवसभर कोळपे धरून आलेला माणूस संध्याकाळी हे वाक्य अर्ध्यात सोडतो, आणि मी त्याला दोष देणार नाही.

हेच चित्रात मांडा. तीन रात्रींचे तीन चौकोन, प्रत्येकात एक सापळा, सापळ्यात मोजून आठ पतंग. खाली वीस हिरवी बोंडे उभी चिरलेली, त्यांतल्या दोनांत अळी. विसात दोन म्हणजे दहा टक्के, हे सांगावेही लागत नाही. अशा चित्राचा कच्चा कागद छपाईआधी मी एका शेतीशाळेत नेला होता. बायांनी तो हातात घेतला, दोन-तीन जणी उठून सरीत गेल्या आणि बोंडे चिरून बघायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, “डोमकळी वरी घ्या की बाई. आमाला आधी तीच दिसती, बोंड मागून येतंय.” अळीने पाकळ्या आतून जाळ्याने बांधल्यामुळे न उमलता मिटून राहिलेले फूल, ती डोमकळी. मावशींचे म्हणणे शास्त्रालाही धरूनच होते : बोंडे धरायच्या आधीची डोळ्यांना दिसणारी खूण तीच. छापताना डोमकळी सगळ्यात वर गेली. संशोधन तेच राहिले, आकडे तेच राहिले, पण आता ते कोणत्या क्रमाने बघायचे हे शेतात काम करणाऱ्या बाईने ठरवले होते. हे काम मजकुराने झाले नसते.

दुसरे उदाहरण सोयाबीनचे. घरचे बियाणे पेरण्याआधी उगवणक्षमता तपासा, हा सल्ला दरवर्षी दिला जातो आणि तो अत्यंत मोलाचा आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, आठवडाभराने कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणे. सत्तरच्या खाली उतरले तर प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचे. म्हणजे ६८ उगवले तर ३१ किलो, ६४ उगवले तर ३३. हा हिशेब तक्त्यात छापला की लोक टक्केवारी म्हटल्याबरोबर पान उलटतात. त्याऐवजी दहा ओळी, दहा रांगा अशी शंभर दाण्यांची चौकट छापा, उगवलेले दाणे भरीव आणि न उगवलेले पोकळ. शेतकऱ्याच्या घरात गोणपाटावर जे मांडलेले असते तेच कागदावर दिसते. तो दोन्ही शेजारी ठेवतो. मग टक्का हा प्रकार त्याला कुणी शिकवावा लागत नाही, कारण तो त्याच्याच दाण्यांत मोजलेला असतो. पेरणी फसल्यावर पुन्हा बियाणे, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचे भाडे असा एकरी खर्च काय होतो हे आपल्याला मी सांगायची गरज नाही. एवढ्या एका चौकटीच्या चित्राला त्या खर्चाच्या शेजारी ठेवून बघा आणि मग ते सजावट आहे का ते सांगा.

आता माझ्या तक्रारी मांडते.

सगळ्यात गंभीर तक्रार चुकीच्या चित्रांची आहे. गेल्या काही हंगामांत अशा पत्रिका मी पाहिल्या आहेत ज्यांत मजकूर एका अळीचा आणि चित्र दुसरीचे. एका पत्रिकेत सोयाबीनवरच्या उंटअळीचे संगणकाने केलेले रंगीत चित्र होते. दिसायला सुबक. पण त्या अळीला पोटावर पायांच्या पाच जोड्या होत्या. उंटअळीला शेवटची धरून तीनच असतात. मधले पाय नसतात, म्हणून तर ती चालताना पाठीची कमान करते आणि म्हणून तिला उंटअळी म्हणतात. पाच जोड्या असतात तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीला, तीही सोयाबीनवर येते. म्हणजे ज्या खुणेवरून दोघींतला फरक ओळखायचा, नेमकी तीच खूण चित्रात खोटी होती. मक्यावरच्या लष्करी अळीचेही तसेच. ती २०१८ मध्ये आपल्या देशात पहिल्यांदा सापडली. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात बसलेले चार ठळक ठिपके, या दोन गोष्टींवर तिची ओळख ठरते. ठिपके दोन असले किंवा एका ओळीत आले तर ते चित्र कितीही देखणे असले तरी टाकाऊच.

संगणक अळी बघत नाही, अळीची चित्रे बघतो. त्याला खूण आणि सावली यांतला फरक कळत नाही. फोटोलाही मर्यादा आहे : तो एका अळीचा, एका उजेडातला असतो, आणि बोंडाच्या आत, मुळाच्या खाली, भिंतीच्या पोटात तो शिरू शकत नाही. निरीक्षणावरून काढलेल्या चित्रात चित्रकार ठरवतो की ओळखीसाठी काय ठेवायचे आणि काय गाळायचे, आणि ते ठरवताना तो कीटकशास्त्रज्ञाच्या शेजारी बसलेला असतो. मी संगणकाच्या विरोधात नाही, माझे बरेचसे काम त्यावरच चालते. पण कीड-रोगांची ओळख, औषधाची मात्रा आणि सुरक्षेच्या सूचना या तीन ठिकाणी न तपासलेले चित्र छापणे म्हणजे लोकांच्या पिकाशी आणि जिवाशी खेळणे आहे. चित्र चुकले की शेतकरी काय करतो? पान तोडून कृषी सेवा केंद्रात नेतो आणि दुकानदार देईल ते औषध आणतो. तुमच्या संशोधनाची जागा त्या क्षणी दुकानाच्या काउंटरने घेतलेली असते.

औषधाचा विषय निघालाच आहे तर हेही. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरका चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विष किती तीव्र आहे ते सांगतो : लाल सर्वांत घातक, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळावे म्हणून केलेली ही किती चांगली योजना आहे! पण पिवळे औषध निळ्यापेक्षा जास्त विषारी, हे फवारणी करणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? हिरवा म्हणजे निर्धोक, असे ठामपणे सांगणारे मला भेटतात. हिरव्या खुणेच्या डब्यातही विषच असते. या चार चौकोनांची एक पट्टी प्रत्येक पीक-संरक्षण पत्रिकेच्या पाठीवर छापायला जागा लागते ती चार बोटांची. ती छापली जात नाही.

दुसरी तक्रार आलेखांची. इंग्रजी शोधनिबंधातला आलेख जसाच्या तसा उचलून मराठी पत्रिकेत डकवला जातो. त्यावर हेक्टर असते, आमचा सगळा व्यवहार एकरात चालतो. त्यावर उत्पादनाची सरासरी असते, पण ती भारी काळ्या रानातली की हलक्या मुरमाड रानातली हे नसते. आणि एक गोष्ट मला विशेष खटकते. दोन वाणांची तुलना दाखवताना उभी पट्टी शून्यापासून सुरू न करता मधूनच सुरू करतात. एक वाण हेक्टरी १८ क्विंटल आणि दुसरा २० क्विंटल देत असेल आणि मोजपट्टी १६ पासून सुरू केली, तर दुसऱ्याचा खांब पहिल्याच्या दुप्पट दिसतो. फरक नवव्या हिश्शाचा, डोळ्याला दिसतो दुपटीचा. शास्त्रज्ञ बाजूचे आकडे वाचतो, शेतकरी खांब बघतो आणि त्यावर बियाण्याची पिशवी घेतो. हे मुद्दाम होते असे मी म्हणत नाही. पण संशोधकांच्या सभेत असा आलेख कुणी चालवून घेणार नाही, मग तो गावात का चालावा?

तिसरी तक्रार छपाईच्या पुढच्या प्रवासाची आहे, आणि तिच्याकडे कुणाचेच लक्ष नाही. तुमच्या कार्यालयात पत्रिका चार रंगांत, गुळगुळीत कागदावर दिसते. गावात ती येते झेरॉक्स होऊन, किंवा व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरून पुसट झालेली. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा झेरॉक्समध्ये तिन्ही करडेच. पावसाच्या तुटीचा नकाशा तर नुसता काळपट डाग होतो. शिवाय लाल आणि हिरवा यांतला फरक डोळ्यांनाच न कळणारी माणसे प्रत्येक गावात असतात. रंगाला आकाराची आणि शब्दाची जोड दिली, रेषा ठळक ठेवली, अक्षर मोठे ठेवले, की चित्र झेरॉक्समध्येही टिकते. हे ज्ञान नवे नाही, त्याला पैसाही लागत नाही. फक्त छापण्याआधी एक झेरॉक्स काढून बघावी लागते.

चौथी तक्रार : चित्रांतली माणसे. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला पुरुष, ट्रॅक्टरवर पुरुष, सापळा लावणारा पुरुष. निंदणी, खुरपणी, वेचणी, बियाणे निवडणे ही कामे कोण करते? पिकाच्या सगळ्यात जवळ दिवसचे दिवस जिचे डोळे असतात, तिला उद्देशून एकही चित्र नसते. वर सांगितलेल्या मावशी याच बायांतल्या.

पाचवी लहान आहे पण सांगते. चित्रकाराचे नाव छापत नाहीत. पत्रिकेवर अध्यक्ष, संचालक, संपादक, संकलक, मुद्रक सगळे असतात. नावाची हौस म्हणून मी हे मागत नाही. नाव नसले की जबाबदारीही नसते, आणि चूक सापडली तर विचारायचे कुणाला तेही कळत नाही.

मी आत्तापर्यंत शेतीबद्दल बोलले, पण हा प्रश्न शेतीपुरता नाही.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी आणि त्यानंतरही गावोगाव बोअर पाडले गेले, एकाशेजारी एक. आपल्या पायाखाली बेसाल्ट या काळ्या खडकाचे थर आहेत आणि पाणी कुठल्या थरात मुरते, कुठल्यात साठते, कुठल्यात थेंबही नसतो, यावर भूजलाच्या अभ्यासकांनी फार बारकाईने काम केलेले आहे. पण बहुतेक लोकांच्या मनात जमिनीखाली एक वाहता झरा असतो आणि नशीब असेल तर आपला बोअर त्याला लागतो. हा समज भाषणाने जात नाही. गावाचा उभा छेद काढला, वर माती, खाली मुरूम, मग छिद्रांचा मांजऱ्या खडक, मग भेगा नसलेला काळा पाषाण, आणि त्या छेदात गावातल्याच ओळखीच्या विहिरी आणि बोअर खऱ्या खोलीने दाखवले, की लोक स्वतःच बोलायला लागतात. कुणाच्या विहिरीला कुठे मांजऱ्या लागला होता, कुणाचा बोअर पाषाणात कोरडा गेला, हे विहीर खोदणारी माणसे हाताच्या बोटांवर सांगतात. शेजाऱ्याचा बोअर चालू झाला की आपल्या विहिरीचे पाणी का उतरते, हे त्या चित्रासमोर उभे राहिल्यावर भांडणाचा विषय न राहता हिशेबाचा विषय होतो. प्रत्येक पाणलोटाचे असे एक चित्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर का नसावे?

किल्लारीचे तर काय बोलावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, ओझे अंगावर कोसळून. भूकंपानंतर अभियंत्यांनी जे शोधून काढले ते समजावून सांगायला एक चित्र पुरते : भिंतीचे दोन पदर, मध्ये मातीचा भराव, आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड. तो दगड नसला की हादऱ्यात पदर सुटतात. मराठवाड्यात अजून कितीतरी माळवदाची घरे उभी आहेत आणि त्यांत माणसे झोपतात. हे चित्र नव्या पिढीतल्या गवंड्यांनी पाहिलेले नाही.

आणि आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातल्या मोठ्या टकरींनी उठणारे सूक्ष्म तरंग, टिपणारी वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटर लांब, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी पटींनी सूक्ष्म फरक पडला तर तो टिपायचा. अशा लहरी पहिल्यांदा टिपल्या गेल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत. ती बातमी जगभर समजली ती एकमेकांभोवती फिरत एकरूप होणाऱ्या दोन कृष्णविवरांच्या चित्रामुळे आणि त्या चढत जाणाऱ्या छोट्याशा आलेखामुळे. असले संशोधन आमच्या शिवारात येते याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्या परिसरातल्या शाळेतल्या मुलीला ही भुजा म्हणजे आपल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत, आत निर्वात नळी कशासाठी, जवळून अवजड वाहन गेले तर काय बिघडते, हे मराठीत, चित्रात कोण सांगणार? काम उभे राहायच्या आधीच ही चित्रे तयार व्हायला हवीत. माहितीची जागा मोकळी राहिली की अफवा शिरते, हे आपण प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या वेळी पाहतो.

चित्र हा शास्त्राचाच भाग आहे, हे मी माझ्या पोटासाठी रचून सांगत नाही. १८५४ मध्ये लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीचे (कॉलराचे) मृत्यू घराघरापाशी काळ्या रेघांनी नकाशावर मांडले, तेव्हा रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती दिसली. परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातले मृत्यू महिन्यामहिन्याच्या पाकळ्यांत मांडले आणि सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनीच जास्त मरत होते, हे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवले. २०१८ मध्ये एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञाने एकाही आकड्याशिवाय, नुसत्या निळ्या-लाल पट्ट्यांत पृथ्वीचे वाढते तापमान दाखवले. ही तिन्ही माणसे अभ्यासक होती, आणि आपले म्हणणे लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. आपल्याच देशात १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत न वाचता येणाऱ्या मतदारांनी चिन्ह बघून मत दिले. गावातल्या भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण कुणाला वाचून दाखवावा लागला नाही. ज्या शासनाने मतासाठी चित्रावर भरवसा ठेवला, त्याच शासनाच्या संस्थांना बियाण्यासाठी आणि पाण्यासाठी चित्र परवडत नाही, हे मला पटत नाही.

माझ्या मागण्या या :

१. यंदाच्या खरिपाच्या पत्रिकांमधून वगळलेली चित्रांची तरतूद परत द्यावी. वेळ कमी असेल तर पत्रिका कमी काढा, पण चित्रांसह काढा.

२. यापुढे प्रत्येक संशोधन प्रकल्पाच्या प्रस्तावातच लोकांपर्यंत पोचवण्याच्या चित्रांसाठी वेगळी रक्कम धरावी, किमान दोन टक्के. प्रकल्प संपल्यावर उरलेल्या पैशातून नव्हे. चित्रकार पहिल्या हंगामापासून प्रयोगाच्या शेतात आणि प्रयोगशाळेत आला पाहिजे.

३. प्रत्येक संस्थेत शास्त्रीय चित्रकाराचे निदान एक पद असावे, आणि जिथे पद मंजूर असून रिकामे आहे तिथे ते भरावे.

४. कीड, रोग, औषधाची मात्रा आणि सुरक्षा यांची चित्रे त्या विषयाच्या तज्ज्ञाने तपासल्याशिवाय छापू नयेत. तपासणाऱ्याचे, चित्रकाराचे नाव आणि तारीख चित्राखाली असावी. संगणकाने केलेले चित्र असेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि ओळखीच्या खुणांसाठी ते वापरू नये.

५. छपाईआधी कच्चा कागद गावात नेऊन दाखवावा, दाखवताना निम्म्या तरी बाया असाव्यात, आणि त्यांना काय कळले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ‘कळले का?’ असे विचारले तर सगळे हो म्हणतात. ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. सोबत झेरॉक्सही काढून बघावी.

६. आजवर काढलेली तपासलेली चित्रे मराठी नावांसह एका जागी सर्वांना खुली करावीत, म्हणजे शाळेतले मास्तर, कृषी सहायक, आशाताई, वार्ताहर यांना ती नाव देऊन वापरता येतील. एकाच बोंडअळीसाठी दर तालुक्याने इंटरनेट धुंडाळण्याचे कारण नाही.

७. मराठवाड्यात होणाऱ्या प्रत्येक पीएच.डी. प्रबंधासोबत एक पान मराठीत, चित्रासह, सर्वांसाठी द्यायची अट घालावी. हे पान संशोधकाने एकट्याने करावे असे माझे म्हणणे नाही. त्यासाठीच दुसरी आणि तिसरी मागणी आहे.

या मागण्यांवर बसून बोलायची माझी तयारी आहे. उंटअळीच्या चित्रातली चूक मी माझ्या अर्जासोबत खुणा करून दिली होती, तो कागद पुन्हा द्यायलाही तयार आहे. दुरुस्त चित्रही काढून ठेवले आहे. यंदाच्या पत्रिकांपुरते ते विनामोबदला वापरावे, माझी हरकत नाही. मात्र पुढच्या हंगामापासून हे काम कुणाच्या मेहेरबानीवर चालू नये.

मृग लागायच्या आत उत्तर मिळावे, आणि ते मला एकटीला पत्राने न देता जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपली,
एक शास्त्रीय चित्रकार
ता. सेलू, जि. परभणी